मदत हवी आहे: लेख अडवलाय, उद्या अंक छपाईला

बाराखडी: वसतिगृहातल्या चोऱ्यांवरचा लेख सल्लागार प्राध्यापकांनी थांबवला. म्हणे पुरावा कुठाय? सहा मुलं बोललीत, नाव न देता. असं थांबवता येतं का? लवकर सांगा, अख्खं पान रिकामं आहे.

उपसंपादक: देश कुठला? कॉलेज सरकारी की खासगी? छपाईचा खर्च कोणाचा?

बाराखडी: अमेरिका. छोटं ख्रिस्ती कॉलेज, म्हणजे खासगीच की! खर्च कॉलेजचा.

तिरकमठा: अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणारी घटनेची पहिली दुरुस्ती आहे ना, बिनधास्त छापा.

उपसंपादक: ती सरकारला बांधते, खासगी कॉलेजला नाही. कॅलिफोर्नियात १९९२ च्या लिओनार्ड कायद्याने खासगी कॉलेजांनाही बांधलंय, पण धर्मतत्त्वांच्या आड येईल तिथे धार्मिक संस्थांना सूट आहे. तुमच्या अंकाची नियमावली काढा. अंतिम निर्णय विद्यार्थी संपादकाचा असं त्यात असेल, तर तेवढंच हत्यार.

तिरकमठा: त्यापेक्षा स्वतंत्र संकेतस्थळ काढा. कॉलेजचं नाव, बोधचिन्ह, ईमेल काहीच वापरायचं नाही.

घारेडोळे: एका रात्रीत? आणि पुरावा तिथेही लागेलच. कॉलेजातल्या गुन्ह्यांची माहिती उघड करायला लावणारा क्लेरी कायदा (१९९०) वापरा. केंद्राची शिक्षणमदत घेणाऱ्या आणि सुरक्षा विभाग असलेल्या कॉलेजला रोजची गुन्हे-नोंदवही ठेवावी लागते. शेवटच्या ६० दिवसांच्या नोंदी कामाच्या वेळेत कोणालाही बघता येतात, जुन्या मागितल्यावर कामकाजाच्या दोन दिवसांत. हिल्सडेल, ग्रोव्ह सिटी यांसारखी मदत न घेणारी कॉलेजं यात येत नाहीत.

बाराखडी: मदत घेतात. पण वार्षिक सुरक्षा अहवालात चोऱ्या शून्य आहेत!

घारेडोळे: तिथेच सगळे फसतात. त्या आकडेवारीत घरफोडी मोजतात, साधी चोरी नाही. खोलीत बेकायदा शिरून नेलं तर घरफोडी, सामाईक दालनातून लॅपटॉप उचलला तर चोरी. नोंदवहीत मात्र दोन्ही हवेत.

शाईदौत: 'विद्यार्थ्यांची गोपनीयता' म्हणून टाळतील. विद्यार्थ्यांची माहिती गोपनीय ठेवणारा फर्पा कायदा शैक्षणिक नोंदींना लागू, ही नोंदवही त्यात येत नाही.

 



बाराखडी: नोंदवही बघून आलो. चारच नोंदी आहेत. दोघांनी तक्रारच केली नव्हती.

घारेडोळे: मग मथळ्यात 'सहा' नको. चार नोंदलेल्या, तारीख-जागेसह. उरलेले दोघे 'त्यांच्या म्हणण्यानुसार'. आणि सुरक्षाप्रमुखांची प्रतिक्रिया घ्या, तीही आजच.