दडवलेले उत्पन्न फरकावरून ठरवावे का?

धागालेखक: हिशेबवह्या नसतील किंवा विश्वासार्ह नसतील, तर कर अधिकारी उलट बाजूने मांडणी करतात. वर्षभरात मालमत्ता, देणी वजा जाता, किती वाढली ते काढायचे, त्यात घरखर्च मिळवायचा, वारसा, भेट अशा करमुक्त रकमा वगळायच्या आणि उरलेला आकडा विवरणपत्राशी ताडून पाहायचा. माझा आक्षेप असा, की यात सापडतो तो केवळ फरक, आणि त्यालाच उत्पन्न म्हटले जाते.

प्रतिसाद १: फरक आपोआप उत्पन्न ठरत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली हॉलंड खटल्यात ही पद्धत मान्य केली, पण सुरुवातीची मालमत्ता वाजवी खात्रीने सिद्ध करणे आणि करदात्याने दिलेल्या खुलाशातील तपासण्याजोगे धागेदोरे तपासणे ही जबाबदारी सरकारवरच टाकली.

धागालेखक: अडचण त्या सुरुवातीच्या आकड्याचीच आहे. घरात साठवलेली रोकड तेव्हा शून्य धरली, तर अनेक वर्षांची बचत तिच्यातून जमीन घेतली त्याच वर्षाची कमाई ठरते. आणि जुन्या नोटांची पावती कोणाकडे असते?

प्रतिसाद २: हॉलंड दांपत्याचा बचावही रोकड साठवल्याचाच होता. त्यांच्या आधीच्या वर्षांच्या तुटपुंज्या उत्पन्नातून एवढी शिल्लक पडणे शक्य नव्हते, असे सरकारने जुन्या विवरणपत्रांवरून दाखवले. घरात मोठी रोकड असल्याचे सांगणारा माणूस त्याच काळात व्याजाने कर्ज काढत असेल, तर पावती नसतानाही त्याचा दावा तपासता येतो.

प्रतिसाद ३: मी हिशेब तपासनीस म्हणून सांगतो, बँकेतील जमा रकमांवरून उत्पन्न काढण्याची पद्धत मला अधिक धोक्याची वाटते, कारण एका खात्यातून दुसऱ्यात वळवलेले पैसे, घेतलेले कर्ज आणि परत आलेली उसनवारी बारकाईने वगळली नाही, तर तीच रक्कम दोनदा मोजली जाते. त्या मानाने कपडे धुण्याच्या व्यवसायात पाण्याच्या वापरावरून धुलाईचा अंदाज बांधणे, यंत्रांची गळती लक्षात घेऊनही, बरे. तिथे निदान प्रत्यक्ष काम मोजले जाते.

धागालेखक: करआकारणीपुरता असा अंदाज मी मान्य करीन, कारण ती पुढे अपिलात दुरुस्त होऊ शकते. फरकावरून कोणाला तुरुंगात पाठवणे मात्र मला मान्य नाही.

प्रतिसाद २: मग निकाल पुन्हा वाचावा. तो खटला करचुकवेगिरीचा, म्हणजे फौजदारीच होता, आणि दोषसिद्धी सर्वोच्च न्यायालयात कायम राहिली.