लाल थर जात नाही, एरिथ्रोमायसिन किती टाकू?

सागरवेडा: रीफ टाकीत (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात) वाळूवर लाल थर आलाय. काढला की पुन्हा हजर. आता प्रवाळावर चढतोय. मेडिकलमधून एरिथ्रोमायसिनच्या (अँटिबायोटिक) गोळ्या आणल्यात. किती टाकू? आज रात्रीच टाकायच्यात.

मीनल_ठाणे: टाकी किती लिटरची? नायट्रेट, फॉस्फेट? स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आहे का?

खारवट: आधी फोटो द्या. तपकिरी, शेंबडासारखा, बुडबुड्यांच्या तारा लोंबणारा असेल तर तो डायनो (डायनोफ्लॅजेलेट, एकपेशीय जीव). तो जिवाणू नाही, अँटिबायोटिकने हलणार नाही.

सागरवेडा: लालच आहे हो. सालीसारखा निघतो. २०० लिटर. डोस सांगा ना.

दर्यावर्दी: औषध कशाला? मी ३ दिवस दिवे बंद ठेवून टाकी झाकली. गेलं.

मीनल_ठाणे: हा लाल थर म्हणजे सायनो (सायनोबॅक्टेरिया, प्रकाशावर वाढणारे जिवाणू). तो अंधारात दबतो, खाणं मिळालं की परत येतो. फॉस्फेट कुठून येतंय ते शोधायलाच हवं. पाणी कुठलं वापरता?

सागरवेडा: नळाचं, क्लोरीन काढून.

मीनल_ठाणे: मग तिथूनच बघायला सुरुवात करा. आरओ-डीआय (गाळून क्षार काढलेलं) पाणी घ्या, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य.

अलिबागी: समुद्राचं पाणी आणा की! फुकट मिळतं.

खारवट: किनाऱ्यालगत सांडपाणी मिसळतं, अलिबागी. हा सल्ला नवख्यांना नका देऊ. सागरवेडा, माणसांच्या गोळ्या नकोत. लाल थरासाठी मिळणारी मत्स्यालयाची पावडर घ्या, पाकिटावरचा डोस द्या; दगड-वाळू वजा करून उरेल तेवढ्याच पाण्याचा. आधी सायफनने थर ओढून काढा. फिल्टरमधला कार्बन काढा, यूव्ही दिवा बंद, स्किमरचा कप काढून ठेवा, नाहीतर फेस उतू जातो. मेलेला सायनो कुजताना ऑक्सिजन खातो, म्हणून एअरस्टोन रात्रभर हवाच. ४८ तासांनी २० टक्के पाणी बदला. अमोनिया रोज मोजा, कारण अमोनिया पचवणारेही जिवाणूच असतात, त्यांनाही धक्का बसू शकतो.



दर्यावर्दी: एवढा खटाटोप करण्यापेक्षा दिवे बंद ठेवा, मी सांगतो.

सागरवेडा: पावडर मिळेपर्यंत अर्धी गोळी टाकली तर?

मीनल_ठाणे: नको. आज फक्त सायफन करा. आणि स्किमरचं अजून सांगितलं नाहीत.