चहातून, भाजीतून औषध: रुग्णाला न सांगता उपचार करावेत का?

माणदेशी
आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर ठरलेल्या दिवशी येतात. शेजारच्या कुटुंबासोबत मी गेलो होतो. मुलगा पंचविशीतला. केसपेपर त्याच्या नावाचा, पण त्याला बाहेर बाकावर बसवून वडिलांनाच आत घेतलं. थोडं बोलणं झालं आणि थेंबांची बाटली हातात दिली. "चव लागत नाही, जेवणात घाला, त्याला कळू देऊ नका."

माझं मत स्पष्ट आहे. हे चूक आहे, आणि सरकारी दवाखान्यात तर होताच कामा नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ सांगतो की माणसाला स्वतःच्या उपचाराचा निर्णय घेता येतो असं आधी धरून चालायचं. येत नसेल तर ते तपासून ठरवायचं. इथं तपासलंच नाही. आजार काय, औषध कोणतं, त्याचा त्रास काय होऊ शकतो, हे कळण्याचा हक्क कलम २२ नं रुग्णाला दिला आहे.

कायदा क्षणभर बाजूला ठेवा. या औषधांनी हात थरथरतात, अंग ताठ होतं, गुंगी येते. हा मुलगा डाळिंबाच्या बागेत ट्रॅक्टरवर फवारणी करतो. गुंगी कशाची हे त्याला माहीतच नसेल, तर तो जपणार कसा? उद्या दुसऱ्या दवाखान्यात "कुठली गोळी चालू आहे का?" असं विचारलं, तर तो प्रामाणिकपणे "नाही" म्हणेल. लिथियम हे मानसिक आजारावरचं औषध चालू असलेल्या माणसानं साधी अंगदुखीची काही औषधं घेतली तरी रक्तातलं लिथियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं.

आणि त्याची मूळ तक्रार काय होती? कुणीतरी माझ्या खाण्यात काहीतरी कालवतंय.

बहीण_विटा
दादा, तुम्ही बाकावर बसलेला मुलगा पाहिलात. रात्री दोन वाजता अंगणात उभं राहून शेजाऱ्यांना शिव्या देणारा माझा भाऊ तुम्ही पाहिला नाही. माझी आई विळी-कोयता धान्याच्या कणगीत लपवून झोपायची. "तुला बरं नाही, डॉक्टरकडे चल" म्हटलं की तो म्हणायचा, वेडे तुम्ही आहात. त्याला आजार आहे हे त्याला पटतच नाही, तोच तर आजार आहे. संमती कुणाकडून घ्यायची?

जेवणातून असेच थेंब सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात तो ताटावर नीट बसून जेवला. मला त्याची लाज वाटत नाही. त्याआधी भावकीतल्यांनी देवऋषाकडे नेलं होतं, तिथं त्याला हिरव्या फोकानं मारलं. तेव्हा त्याच्या हक्काचं विचारायला कुणी आलं नव्हतं.

सिस्टर_मिरज
ताईंशी सहमत. ओपीडीच्या दिवशी बाहेर रांग असते, आत डॉक्टर एक. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ चं आहे, त्यातही देशात लाखामागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा भरत नव्हता. जो पेशंट आत यायलाच तयार नाही, त्याच्या नातेवाइकाला रिकाम्या हातानं परत पाठवायचं का? हक्कांची यादी भिंतीवर लावणं सोपं आहे. औषध न मिळालेला पेशंट विहिरीत सापडतो तेव्हा पोस्टमॉर्टेमला आम्हीच उभ्या असतो.

कृष्णाकाठ
मी या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूला होतो. मला दीड वर्ष चहातून औषध दिलं गेलं.

औषधानं गुण आला, हे खरं. पण तोंडाला सारखी लाळ यायची, वजन वाढलं, शेतात पाय उचलत नव्हते. मला वाटायचं करणी झाली. त्यासाठी पैसे घालवले, कोंबडी उतरवली. मग एकदा कपाच्या तळाला पांढरा गाळ दिसला. म्हणजे मला जो संशय होता आणि ज्याला सगळे वेड म्हणत होते, तो खराच होता! त्या दिवसापासून मी घरचं खाणं सोडलं, औषधही गेलं, आणि पुढचा झटका आधीपेक्षा मोठा आला.

आज मी स्वतःच्या हातानं गोळी घेतो. मिरजेच्या एका डॉक्टरांनी मला समोर बसवून विचारलं, "झोप येत नाही ना? तेवढ्यासाठी घेशील का?" मी हो म्हणालो. आजार मान्य केला नव्हता, झोप मान्य केली होती. ताई, तुमच्या आईचं दुःख मला कळतं. पण भावाला एकदा तरी असं विचारलं का?

बहीण_विटा
सुरुवातीला विचारलं होतं. ताट भिरकावलं. आता तो शांत आहे, पण आता विचारलं आणि त्याला कळलं तर तुमच्यासारखंच होईल, याचीच भीती आहे.

वकील_सातारा
काही मुद्दे नीट मांडतो, कारण दोन्हीकडून कायदा अर्धाच सांगितला जातोय. हा कायदा घरच्यांना वाऱ्यावर सोडत नाही. रुग्णाच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, तर कलम ९४ खाली कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचा उपचार करू शकतो, साधारणपणे ७२ तासांपर्यंत, नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे रुग्णाच्या वतीनं बोलणारी व्यक्ती, हजर असेल तर तिची संमती घेऊन. रुग्णाला निर्णय घेताच येत नसेल, तर कलम ८९ नुसार प्रतिनिधीच्या अर्जावर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. दोघांनी स्वतंत्र तपासायचं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ.

म्हणजे जबरदस्तीलासुद्धा रस्ता आहे, पण तो उघडा आहे: कागदावर, कारण लिहून, मुदत घालून. वर जे घडलं त्यात कागद नाही, मुदत नाही. देवऋषाची मारहाण तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, ताई. त्याची फिर्याद आजही देता येईल का, ते बघू.

सिस्टर_मिरज
वकीलसाहेब, जत किंवा आटपाडीच्या आतल्या गावातून असा माणूस मिरजेला आणायचा कसा? एसटीनं? जीपवाला नाही म्हणतो. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचं तर नावच काढू नका. कलम ८९ तालुक्यापर्यंत पोचलेलं नाही.

माणदेशी
सिस्टर, मग मागणी तीच करू या की! मानसोपचाराच्या पथकाला गाडी द्या, घरी जाऊन तपासा. मनुष्यबळ नाही म्हणून रुग्णाला फसवा, हे मला मान्य नाही. डॉक्टरांनी त्या मुलाला पाच मिनिटं आत बोलावलं असतं, तर रांग मोडली नसती. तो नाही म्हणाला असता तर ते केसपेपरवर लिहिलं असतं, पुढच्या वेळी पुन्हा विचारलं असतं. काहींना रोजची गोळी नको असते, पण दोन-चार आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन चालतं. ते विचारल्याशिवाय कळणार कसं?

बहीण_विटा
पुढच्या ओपीडीला भावाला घेऊन जाते आणि डॉक्टरांनाच त्याच्याशी बोलायला सांगते. मी सांगणार नाही, मला जमणार नाही. पण तो नाही म्हणाला तर थेंब बंद करणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

कृष्णाकाठ
मला पटत नाही. तरी जाच. त्याला आत एकट्याला पाच मिनिटं द्या. तुम्ही समोर असाल तर तो तुमच्याशीच भांडेल.

सिस्टर_मिरज
ताई, बाटली सोबत न्या आणि किती थेंब, कधीपासून ते लिहून न्या. साखर आणि वजन तपासायला सांगा, ते बहुतेक राहूनच गेलं असेल. तोवर रात्री-अपरात्री काही झालं तर १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.