सातवा महिना, जुन्या ब्रा काचतात. माप नक्की कसं धरायचं? मदत हवी आहे

मैत्रिणींनो, सातवा लागलाय, पहिलंच बाळंतपण. विषय संकोचाचा आहे, घरात मोकळेपणाने बोलता येत नाही, म्हणून इथे विचारते.

इतकी वर्षं ३४ बी वापरत होते. दुसऱ्या महिन्यातच छाती जड आणि हुळहुळी झाली होती, पण ते सगळ्यांनाच होतं म्हणून सोडून दिलं. आता संध्याकाळी ब्रा काढली की छातीखाली पट्ट्याचा लाल वळ दिसतो, शिवणीचे टाके मोजता येतील इतका स्पष्ट. रोज डोंबिवलीहून लोकलने जाते. परवा परतताना बसायला जागा मिळाली तरी श्वास पुरेना. शेवटी ओढणीखालून हात घालून हूक काढला, तेव्हा जीवात जीव आला. शेजारच्या काकूंनी काही न बोलता आपली पर्स आडवी धरली. त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले.

जवळच्या दुकानात गेले तर काउंटरवरच्या दादांनी नुसतं बघून ३८ काढून दिली. घालून बघायची सोय नाही, बदलूनही मिळत नाही. घरी घातली तर पट्टा पाठीवर वर सरकतो आणि कपातून काखेच्या बाजूला बाहेर येतंच.

मग घरी टेपने मोजलं. छातीच्या खाली ३२ इंच (आधी ३० होतं), भरलेल्या भागावर ३९. खालच्या मापात ४ मिळवायचे, या रीतीने ३६ सी येतं. दुसऱ्या रीतीत काही मिळवायचंच नाही, मग येतं ३२ एफ! एकाच अंगाची ही दोन मापं कशी?

सासूबाई मायेनेच म्हणतात, "घालूच नकोस, मोकळी राहा." पण तशी जिना उतरले तरी ओढ बसते, आणि उकाड्यात छातीखाली घाम साचून कातडी लाल होते.

कुठलं माप धरू? की थेट नर्सिंग ब्राच (बाळाला पाजायला पुढून उघडणारी) घेऊन टाकू, म्हणजे दोनदा खर्च नको? आणि रात्री तुम्ही काय घालायचात?

प्रतिसाद

अगं, आधी ती घट्ट ब्रा बाजूला ठेव. पोट वाढतं तशा बरगड्याही रुंदावतात, म्हणून पट्टा काचतो. ज्या जुन्या ब्राचा कप अजून नीट बसतोय, तिला मागे हूक एक्स्टेंडर (हुकांची जादा पट्टी) लाव, स्वस्तात मिळतो. कपच पुरत नसेल तर मात्र त्याचा उपयोग नाही.

तुझी दोन्ही गणितं बरोबर आहेत, रीत वेगळी. आकडा पट्ट्याचा, अक्षर कपाचं; पट्टा लहान धरला की अक्षर पुढे जातं. चार मिळवले की पट्टा सैल येतो, मग सगळा भार खांद्यावरच्या पट्ट्यांवर पडून खांद्याला खाचा पडतात. खरा आधार खालच्या पट्ट्याचाच असतो. घालून बघू देणारं दुकान शोध आणि ३२ व ३६ च्या मधलं ३४ धरून ३४ डी, ३४ डीडी, शिवाय ३६ सी, तिन्ही घालून बघ. थोडं पुढे वाकून काखेकडचा भागही हाताने कपात घे. मग दोन्ही हात वर कर. पट्टा मागून वर चढला तर सैल, खाली दोन बोटं जात नसतील तर घट्ट. एरवी आपण नवी ब्रा सर्वांत सैल हुकावर घेतो, तू मात्र आत्ता घट्ट हुकावर बसणारी घे, अजून दोन महिने वाढायचंय. तार नसलेली, सुती आणि रुंद पट्ट्यांची घे.

नर्सिंग ब्रा आत्ता नको. छत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास एक-दोनच घे, कपात दूध टिपायच्या पॅडपुरती जागा ठेवून. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरून येतं तेव्हा माप पुन्हा बदलतं. बाकीच्या सव्वा महिना झाल्यावर, माप स्थिरावलं की घे.

रात्री मी हूक नसलेली मऊ सुती स्लीप ब्रा घालायचे. चिकाचे थेंब आधीपासूनच येऊ लागले होते, म्हणून आत सुती रुमालाची घडी. छातीखाली रोज पुसून कोरडं ठेव. आग होत असेल किंवा कातडी सोलवटत असेल तर डॉक्टरांना दाखव, मनाने मलम लावू नकोस.

मूळ धागाकर्ती

ताई, खूप खूप आभार! काल ठाण्यात ट्रायल रूम असलेलं दुकान मिळालं. ३६ सी मागून वर चढत होती. ३४ डीडी घट्ट हुकावर बसली, हात वर केले तरी जागची हलली नाही. दोन घेतल्या. आज लोकलमध्ये हूक काढावा लागला नाही. छातीखालचं तेवढं सोमवारच्या तपासणीत डॉक्टरांना दाखवते.