बी४५० वर ४०६० की ३०६०?
बी४५० मदरबोर्डावर आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड घ्यावं की १२ जीबी मेमरीचं ३०६०, असं विचारलंत. ४०६० वेगवान आहे खरं, पण ते आठच लेन (बोर्डाशी डेटाची ये-जा करणाऱ्या वाटा) वापरतं आणि तुमचा बोर्ड पीसीआयई ३.० चा, म्हणजे त्या वाटा जुन्या, कमी वेगाच्या. त्यामुळे त्याची ८ जीबी मेमरी भरली, की उरलेला डेटा याच वाटांनी आणावा लागतो आणि गेम अडखळायला लागतो. जड टेक्स्चरचे गेम खेळणार असाल तर मी ३०६० च घेईन. फक्त ते १७० वॉट खातं, ४०६० ला ११५ पुरतात. तेव्हा कॅबिनेटसोबत आलेला बिननावाचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आधी बदला, कृपा करून, तिथे काटकसर नको! इंदूरच्या मे महिन्यात पुढून काचबंद कॅबिनेट तापतंच, जाळीवालं बघा. सिल्व्हर मॉलला (तिथल्या कॉम्प्युटर बाजारात) जाताना कार्डासाठी आत किती लांबी मिळते तेही मोजून न्या.