नाल्याचं पाणी परत शिवारात, नुसती निवेदनं देऊन भागणार काय?

वडगाव_शिवार
नमस्कार मंडळी. बेळगावच्या वडगाव शिवारात बळ्ळारी नाल्याच्या कडेला आमचं दीड एकर हाय, बासमती करतो. यंदा रोप लावणी करून आठ दिवस झाले नव्हते तोवर एका रात्रीत पाणी शिरलं आणि पाच दिवस हललंच नाही. उतरल्यावर बघितलं तर रोपं काळी पडलेली, हातात धरली की लगद्यासारखी सुटायलीत, वर जलपर्णी येऊन बसलीय ती वेगळीच. वडील म्हणतात पूर्वी महिनाभर झड लागायची, नाला भरायचा पण दोन दिवसांत ओसरायचा, आता पंधरा दिवस कडक ऊन आणि मग सगळं एकदम. दोन वर्षं निवेदनं द्यायलोय, एका ऑफिसातनं दुसऱ्या ऑफिसात पाठवतात. हे हवामान बदलाचं म्हणायचं की नाल्याचं? आणि धरायचं कुणाला?

वेदगंगाकाठ
दोन्हीचं, भाऊ. हवा 1 अंशानं तापली की साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरते, मग पडतो तेव्हा ओतल्यासारखाच पडतो. पण ते पाणी पाच दिवस शेतात थांबतं ते गाळ आणि अतिक्रमणामुळं, आणि ते माणसांनी केलंय म्हणजे माणसांना विचारता येतं. आमच्या निपाणीकडं 2005 चा पूर बघून म्हातारी माणसं म्हणायची असला पूर जन्मात एकदाच, मग 2019 आलं, 2021 ला तर यमगर्णीजवळ हायवेवर पाणी येऊन पुणे-बेंगळूर वाहतूक बंद पडली.
आधी पंचनामा करून घ्या, फोटो तारखेसकट ठेवा. केंद्राच्या 2022 च्या निकषात 33 टक्क्यांच्या वर नुकसान असेल तर कोरडवाहूला हेक्टरी 8,500 आणि बागायतीला 17,000 होते, 2 हेक्टरपर्यंत. उताऱ्याला एफआयडी, म्हणजे शेतकऱ्याचा सरकारी नोंदणी नंबर, जोडलेला आहे का तेवढं बघा, त्याच्यावाचून पैसे अडकतात.

जांबोटीची_लेक
आमच्याकडं उलटं दुखणं. 2023 ला धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीतच पेरणी, करून बसलो आणि जून कोरडा गेला, आई रोज सकाळी ओंजळभर माती उकरून बियाणं बघायची, कोंब आलेलं वाळून गेलेलं. त्या वर्षी कर्नाटकातल्या 236 पैकी 223 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तरी केंद्राचा पैसा राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेल्यावर 2024 च्या एप्रिलमध्ये सुटला. सरकारलासुद्धा भांडावं लागतंय, मग आपण गप्प बसून कसं चालेल? ग्रामसभेला बायका जातच नाहीत आमच्यात, यंदा आम्ही अकराजणी गेलो आणि तळ्यातला गाळ काढायचा ठराव लिहून घेतला, सही होईपर्यंत उठलो नाही.

जुना_कार्यकर्ता
बाळा, मी सीमाप्रश्नाच्या मोर्च्यात लाठ्या खाल्लेला माणूस, तो लढा सोडा असं मी कधीच सांगणार नाही. 2004 पासून खटला सुप्रीम कोर्टात आहे. पण तोवर शेत बुडू द्यायचं काय? मतं मागायला येईल त्याला, तो महाराष्ट्र एकीकरण समितीचा असो की राष्ट्रीय पक्षाचा, नाल्यावर उभा करून विचारा.
आणि नाला वडगावात संपत नाही, शहापूर, येळ्ळूर, हलगा सगळ्या शिवारांतनं जातो, म्हणून एकट्याचं निवेदन फाईलीत पडून राहतं. येळ्ळूर, हलग्याच्या ग्रामसभेत ठराव घ्या, शहरातल्यांनी नगरसेवकाला धरा. शेजारच्या कन्नड शेतकऱ्यांना बरोबर घ्या, त्यांचंही भात कुजलंय, निवेदन दोन्ही भाषांत करा. माहिती अधिकारात अर्ज टाका, गाळ काढायला किती पैसे आले आणि कुठं खर्च पडले, 10 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर हातात घेऊन डिसेंबरच्या विधानसभा अधिवेशनाला बेळगावच्या सुवर्णसौधवर जायचं, आमदार सगळे इथंच असतात तेव्हा.

वडगाव_शिवार
काका, ताई, भाऊ, तिघांचेही आभार. वडलांच्या जुन्या वहीत लावणीच्या आणि पाणी शिरल्याच्या तारखा सापडल्यात, बऱ्याच वर्षांच्या. त्याच्या झेरॉक्स काढून अर्जाला जोडतो. शेजारचे बसवण्णी मामा कन्नडमधनं लिहून देतो म्हणालेत. येळ्ळूरचं कोण असेल तर रविवारी सकाळी नाल्याच्या पुलावर या, मी नऊपासून थांबतो.