माणसांपेक्षा मुकी जनावरं जवळची का वाटतात? तुमचे अनुभव लिहा

काल पोळ्याला लेकीने मातीची बैलजोडी मांडली आणि एकदम बाबा आठवले. यवतमाळकडचं आमचं गाव. बाबा घरात दिवसभरात दहा वाक्यं बोलत नसतील. पण आदल्या दिवशी खांदेमळणीला तूप-हळद बैलाच्या खांद्याला चोळता चोळता त्याला सगळं सांगायचे, कपाशीवर किती फवारण्या झाल्या, कर्ज किती राहिलं, आईशी कशावरून वाजलं. शेवटी "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या". आम्ही भावंडं गोठ्याच्या कुडाआड बसून ऐकायचो, बाबांच्या मनातलं कळायची तेवढी एकच जागा होती. तेव्हा राग यायचा, आमच्याशी का नाही बोलत म्हणून. आता मी ऑफिसातून आले की आधी मांजरीशीच बोलते. तुमचं कसंय?

---

वाचून गलबललं गं. आमच्याकडे पोळा नसतो, आषाढात बेंदूर. माण तालुका. २०१९ ला चारा छावणीत आईदादा जनावरांबरोबर कित्येक महिने राहिले, कापडाचं पाल टाकून. मी म्हटलं आई पुण्याला ये, उन्हाचं कशाला हाल. तर म्हणाली गाय रात्री अंगावर हात नसला की उठून उभी राहते, तिला काय सांगू? पुढे लिहिते, कुकर झालाय

---

२०२० चं लॉकडाऊन, मी एकटा, पिंपरीत. बिल्डिंगखालचा काळ्या रोज दाराशी यायचा. पगार अर्धा झाला होता, घरी फोनवर सगळं छान चाललंय सांगायचो. काळ्यासमोर खोटं बोलावं लागत नव्हतं. बास एवढंच.

---

^^ हे फार पोचलं दादा. काळ्या आहे का अजून?

---

आहे. म्हातारा झालाय, जिना चढत नाही, मीच खाली जातो

---

कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यात बघत बसले की दोघांचंही ऑक्सिटोसिन वाढतं, आई आणि बाळाचं वाढतं तेच. २०१५ मध्ये जपानच्या संशोधकांनी मोजलं होतं. त्यामुळे कोणी वेडं म्हणालं तर मनावर घेऊ नका.

---

मला थोडं वेगळं वाटतं. माझ्या नणंदेने माणसं तोडली आणि पाच मांजरी पाळल्या असं सगळे म्हणतात. पण आधी माणसांनी तिला तोडलं होतं. नवरा गेल्यावर वर्षभर कोणी फिरकलं नाही, त्या मांजरी होत्या. आम्हीही गेलो नाही. याची मला आजही लाज वाटते.

---

विषयांतर होतंय पण प्लीज सांगा, माझ्या बोक्याचं अंग गरम लागतंय, सकाळपासून खाल्लं नाही, क्रोसिनची पाव गोळी देऊ का

---

अजिबात नको!! पॅरासिटामॉल मांजरांना विष आहे, अगदी थोडंसुद्धा. आत्ता डॉक्टरकडे न्या

---

निघाले. बास्केटमध्ये ओरडतोय, रिक्षावाले काकाच त्याच्याशी बोलतायत

---

कुकर उतरवला. तर ती गाय, छावणी उठल्यावर घरी आली आणि आईला ताप भरला, तीन दिवस गाय दावणीला नुसती उभी. दादा आईला खाटेसकट उचलून गोठ्यात घेऊन गेले, तेव्हा कुठे वैरणीला तोंड लावलं तिने. अजून आहे. गाभण आहे आता

---

बोक्याला सलाईन लावलंय. इंफेक्शन म्हणाले. इथेच बसलेय, त्याचा पंजा माझ्या बोटावर आहे